कोडमधील टिप्पणीची भाषा

प्रोग्रॅममध्ये माणसाने माणसासाठी लिहिलेला मजकूर म्हणजे टिप्पणी किंवा कमेंट. कंपायलर ती वगळतो, म्हणून ती कोणत्याही भाषेत लिहिता येते. भाषेची निवड पुढे कोड कोण वाचणार यावर ठरायला हवी. पण लिहिताना नेमके तेच माहीत नसते.

जर्मनीतील स्टारडिव्हिजन या कंपनीचे स्टारऑफिस हे कार्यालयीन सॉफ्टवेअर याचे ठळक उदाहरण. लिहिणारे आणि वाचणारे जर्मनच, त्यामुळे टिप्पण्याही सर्रास जर्मनमध्ये. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी घेतली आणि २००० मध्ये कोड सर्वांसाठी खुला केला. २०१० मध्ये त्यातून लिब्रेऑफिस वेगळे झाले, तेव्हाही जर्मन ओळींचा मोठा साठा शिल्लक होता. स्वयंसेवकांनी त्या इंग्रजीत आणायला घेतल्या. अशा ओळी हुडकणारी स्क्रिप्टही लिहिली गेली. काम वर्षानुवर्षे चालले. त्यासाठी नुसती जर्मन येऊन भागत नाही. कोड बदलला आणि टिप्पणी जुनीच राहिली, तर चुकीच्या मजकुराचे अचूक भाषांतर होते.

पायथॉनच्या लेखनशैलीचा २००१ चा दस्तऐवज, पेप ८, याबाबत स्पष्ट आहे: कोड परभाषकाच्या हाती जाणार नाही याची १२० टक्के खात्री असेल तरच स्वभाषा, एरवी इंग्रजी.

लिपीचाही प्रश्न असतो. जपानी शिफ्ट-जेआयएस संकेतनात (एन्कोडिंगमध्ये) 'सो' या काताकाना अक्षराचा दुसरा बाइट उलट्या तिरक्या रेघेचाच असतो. सी++ मध्ये ओळीच्या शेवटी ती रेघ आली की पुढची ओळ आधीच्या ओळीला जोडली जाते. त्यामुळे या अक्षराने संपणारी एका ओळीची टिप्पणी खालची आज्ञाही गिळू शकते, आणि तीही निमूटपणे. यूटीएफ-८ मध्ये हा धोका नाही. पायथॉन ३ तेच संकेतन गृहीत धरतो, म्हणून देवनागरी टिप्पणी तिथे विनासायास चालते. पायथॉन २ मध्ये फाइलच्या आरंभी संकेतन जाहीर करावे लागे.

इंग्रजीचा आग्रह विषयाच्या शब्दांपाशी मात्र सैल करावा. जमिनीच्या नोंदींतील 'पोटखराबा' म्हणजे एखाद्या भूमापन क्रमांकातले लागवडीस अयोग्य क्षेत्र. त्याला 'वेस्ट लँड' म्हटले, तर आकारणीचा हिशेब लिहिणारा त्याला स्वतंत्र पडीक जमीन समजेल. अशा ठिकाणी वाक्य इंग्रजी असले तरी संज्ञा मराठीच ठेवून तिचा अर्थ एकदा सांगणे योग्य.