अ‍ॅसिड ड्रॉप

इंग्लंडात पूर्वी आंबटगोड गोळीला 'अ‍ॅसिड ड्रॉप' म्हणत. आज ऐकून दचकायला होतं! पण लॅटिनमधल्या 'अ‍ॅसिडस'चा अर्थ नुसता आंबट. ड्रॉप म्हणजे थेंब. पाकाचा आंबट थेंब, एवढंच. पुढे तो शब्द प्रयोगशाळेतल्या जळजळीत बाटल्यांना चिकटला, बोचऱ्या जिभेलाही, आणि १९६०च्या दशकात तर एका नशेला.

गोळीत घालत ते टार्टारिक आम्ल. त्यानं पाकात खडे धरत नाहीत, गोळी काचेसारखी राहते. आपण पाकात लिंबू पिळतो ना, तसंच. पण हे आम्ल यायचं कुठून? द्राक्षाच्या दारूच्या पिंपांना आतून साका धरतो, त्यातून! शेले या रसायनशास्त्रज्ञानं ते १७६९ मध्ये वेगळं केलं. लिंबातलं सायट्रिक आम्लही त्यानंच, १७८४ मध्ये.

आपल्या पाकिटांवर टार्टारिकचा आकडा ३३४, सायट्रिकचा ३३०. पण ३३० वाचून लिंबू डोळ्यांपुढे आणू नका. १९१९ पासून कारखान्यांत ते साखरेवर काळी बुरशी वाढवून काढतात. चातुर्मासात भाकरीवरची बुरशी बघून आपण सगळा डबा घासतो, म्हणून सांगितलं.