मास्टर भगवान : 'अलबेला'च्या आधीची वीस वर्षे

भगवानदादा म्हटले की एकच चित्र डोळ्यांपुढे येते. ठेंगणा, भरल्या अंगाचा एक माणूस. कोपरात वाकवलेले हात, खांद्यांची हलकी लय, जमिनीपासून जेमतेम उचललेले पाय, आणि चेहऱ्यावर जगाशी काही देणेघेणे नसल्याचे समाधान. हे चित्र १९५१ सालच्या 'अलबेला'तले आहे. गणपतीच्या मिरवणुकीत आजही ज्या नाचाला त्यांचे नाव लावले जाते, तो हाच.

मात्र 'अलबेला' पडद्यावर आला तेव्हा या नटाला चित्रपटांत येऊन सुमारे वीस वर्षे झाली होती. तोवर त्यांनी मारामारीचे पट गाजवले होते, दिग्दर्शन केले होते, एक तमिळ चित्रपट केला होता, निर्मितीसंस्था काढली होती आणि चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ उभारला होता. त्या काळातले पाहण्याजोगे जवळजवळ काहीच आज हाती नाही. 'अलबेला'पूर्वीच्या त्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या मूळ फिती गोरेगावच्या एका गोदामाला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. ज्या कारकिर्दीची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ वाटते, तिचा पहिला आणि मोठा भाग आजच्या प्रेक्षकाने पाहिलेलाच नाही. हा धागा मुख्यतः त्या भागाविषयी.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३चा, अमरावतीचा. वडील मुंबईत गिरणी कामगार. मुलाचे वाढणे त्यामुळे दादर-परळच्या चाळींतले. शिक्षण बेताचे झाले, अंगमेहनतीची कामे लवकर पदरी आली. दोन नाद मात्र होते : एक व्यायाम-कुस्तीचा, दुसरा सिनेमाचा. त्या काळी हे दोन नाद एकमेकांपासून फार लांब नव्हते. मूकपटांचा लाडका नायक मास्टर विठ्ठल हा मराठी मुलगा तलवारबाजी आणि उड्यांवरच नावारूपाला आला होता, आणि १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये पहिला बोलपट 'आलम आरा' लागला तेव्हा त्याचा नायकही तोच होता. गिरणगावातल्या पोराला पडद्यावर जायचे असेल तर वाट आखाड्यातून जाते, असे वाटायला हे उदाहरण पुरेसे होते.

गिरणगावाची वस्ती म्हणजे कोकण आणि घाट यांची बेरीज. रत्नागिरीचे, साताऱ्याचे, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले चाकरमानी एका खोलीत दाटीवाटीने राहत. नागोठणे, रोहे, पेण या भागातला माणूस धरमतरच्या धक्क्यावरून बोटीने मुंबई गाठी, गिरणीत लागे आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनिऑर्डर धाडी. कुटुंब गावी, पाळी संपल्यावर हाती मोकळा वेळ, खिशात चार आणे. सिनेमागृहाच्या स्वस्त जागा या माणसांनी भरत. शिट्ट्या, आरोळ्या, पडद्यावर उधळलेली नाणी हे सारे तिथले. स्टंटपट जगला तो याच प्रेक्षकाच्या जोरावर.

मराठी चित्रपटाचा इतिहास आपण वाचतो तो बहुधा प्रभातचा. 'संत तुकाराम' १९३६चा, 'कुंकू' १९३७चा. ते थोर आहेतच. त्याच वर्षांत मुंबईत वाडिया मूव्हीटोनची नाडिया १९३५च्या 'हंटरवाली'तून चाबूक फिरवीत होती आणि तिच्या मागे छोट्या छोट्या कंपन्यांची रांग लागली होती. हे चित्रपट झटपट निघत, कमी खर्चात होत. इंग्रजी नियतकालिकांतले समीक्षक त्यांच्याकडे नाक मुरडत किंवा पाहतच नसत. त्यामुळे फिती नष्ट झाल्या तेव्हा त्यांची जागा घेईल असे गंभीर लेखनही फारसे मागे राहिले नाही. उच्चभ्रूंच्या चित्रपटाचे तसे नाही. त्याची एखादी प्रत हरवली तरी त्यावर लिहिलेले चार लेख सापडतात.

भगवान मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत कॅमेऱ्यापुढे आले. त्यांचा पहिला बोलपट 'हिम्मत-ए-मर्दा' १९३४चा. चार वर्षांनी, १९३८ साली, त्यांनी चंद्रराव कदम यांच्यासह 'बहादुर किसान'चे दिग्दर्शन केले. तेव्हा ते पंचविशीत होते. श्रेयनामावलीत नाव 'मास्टर भगवान' असे येई. छोट्या कंपन्यांत कामाची वाटणी काटेकोर नसते. मारामारी बसवणारा, ती करणारा, दृश्याची मांडणी ठरवणारा आणि दिवसाचा खर्च आटोक्यात ठेवणारा हे पुष्कळदा एकच. त्यांचे चित्रपटाचे शिक्षण झाले ते असे, काम करता करता.

१९४१ साली त्यांनी 'वनमोहिनी' हा तमिळ चित्रपट दिग्दर्शित केला. गिरणगावातला मराठी मुलगा तमिळ चित्रपट करतो याचे आज नवल वाटते. पण जंगल, हत्ती आणि हाणामारी यांना भाषांतर लागत नाही. या चित्रपटाचे संगीतकारही मराठीच होते : पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे पुढचे सी. रामचंद्र. १९४२च्या भगवान-दिग्दर्शित 'सुखी जीवन'लाही त्यांचेच संगीत होते. 'अलबेला'ची जोडी अचानक जुळलेली नाही. तिच्यामागे दहा वर्षांचा सहवास आहे.

१९४२ साली 'जागृती पिक्चर्स' ही त्यांची निर्मितीसंस्था निघाली. मुहूर्त म्हणावा तर वाईट. महायुद्धामुळे कच्ची फिल्म परदेशातून येणे अवघड झाले होते आणि चित्रपटांच्या लांबीवर, फिल्मच्या वाटपावर सरकारी नियंत्रण आले होते. तरीही संस्था तगली, आणि १९४७ साली चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा राहिला. चाळीतून आलेल्या माणसाने स्वतःचा स्टुडिओ काढणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

याच १९४२ सालची एक घटना या कारकिर्दीच्या कोणत्याही लेखनात टाळता येत नाही. 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवान यांनी सहनायिका ललिता पवार यांना थोबाडीत मारायची होती. थप्पड खरोखरीची आणि जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याचा एक भाग लुळा पडला, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली, उपचारांत सुमारे तीन वर्षे गेली. त्यांचे नायिकापद तिथे संपले. पुढे त्यांनी चरित्रभूमिकांत जे उभे केले ते सर्वश्रुत आहे आणि त्याचे श्रेय सर्वस्वी त्यांचे आहे. 'त्या थपडेमुळेच एक थोर चरित्र अभिनेत्री मिळाली' असे जे सहज म्हटले जाते, ते निर्दय आहे. खऱ्या माराचा आभास निर्माण करणे हे एक शास्त्र आहे. स्टंटपटांच्या धंद्यात मात्र खरा मार, खरी उडी, खरे पडणे हेच स्वस्त होते, आणि त्याची किंमत कधी त्या नटाला, कधी समोरच्या नटीला मोजावी लागे. भगवानदादांच्या लोभस प्रतिमेत ही बाजू बसत नाही, म्हणून ती अनेकदा तळटीपेत ढकलली जाते.

स्वातंत्र्यानंतर वारे बदलले. सामाजिक आशयाचा, गाण्यांनी भरलेला चित्रपट आता सर्व थरांतले प्रेक्षक ओढू लागला. भगवान यांच्या १९४९च्या 'भेदी बंगला' या रहस्यपटाचे कौतुक झाले, आणि राज कपूर यांनी त्यांना आता सामाजिक चित्रपट काढावा असे सुचवले, ही हकीकत सर्वत्र नोंदलेली आहे. स्टंटपटाच्या वर्तुळाबाहेर पाऊल टाकायला हे निमित्त झाले.

'अलबेला'चा नायक प्यारेलाल हा नाटकवेडा, गरीब घरातला तरुण. बहिणीच्या लग्नासाठी आपल्या वाट्याचे पैसे उभे करता येत नाहीत म्हणून तो घराबाहेर पडतो, रंगभूमीवर नाव काढतो, घरी पैसे धाडतो. ते पैसे वाटेतच दुसऱ्याच्या हाती पडतात. तो परततो तेव्हा आई उरलेली नसते. गाण्यांच्या झगमगाटात या कथेकडे आपले लक्ष जात नाही. पण ज्या प्रेक्षकाचे गावाशी असलेले नाते मनिऑर्डरीच्या कागदावर तरले होते, त्याला पैसे न पोहोचण्याची भीती समजावून सांगावी लागली नसणार. भगवान यांनी विषय बदलला, चित्रपटाचा पोशाख बदलला. प्रेक्षक मात्र बरोबर आणला.

आणि नाच. त्यांच्यापुढे नाचत होती गीता बाली, विजेसारखी. तिच्यासमोर या माणसाने पायांचे अवघड काम टाळले आणि सगळा नाच खांद्यांत, मनगटांत आणि डोळ्यांत ठेवला. व्यायामाने घडलेले आणि वयाने भरलेले शरीर आपल्या मर्यादा ओळखून हलते आहे, हे त्यात दिसते. शास्त्रशुद्ध नर्तकाची नक्कल करायला तालीम लागते. भगवानदादांचा नाच चाळीतल्या कोणालाही पहिल्याच दिवशी जमतो. 'शोला जो भडके'मधील सी. रामचंद्रांचा पाश्चात्त्य ठेका आणि नायकासाठी त्यांनीच 'चितळकर' या नावाने दिलेला आवाज यांनी तो नाच घरोघरी नेला. पुढे अमिताभ बच्चन यांच्यासारख्या नटांनी ती लकब उचलली, तेव्हा तिचे मूळ कोणाला सांगावे लागले नाही.

योगायोग असा की त्याच १९५१ साली व्हेनिसच्या महोत्सवात कुरोसावा यांच्या 'राशोमोन'ला सुवर्णसिंह मिळाला आणि त्यातला डाकू, तोशिरो मिफुने, जगाला माहीत झाला. मिफुने १९४६ साली तोहो स्टुडिओच्या 'नवे चेहरे' योजनेतून आला होता. दोघांची बरोबरी करण्याचे कारण नाही, पण एक फरक बोलका आहे. मिफुनेच्या मागे मोठी कंपनी होती, आणि कुरोसावांबरोबरचे त्याचे सोळाही चित्रपट आज पाहता येतात. भगवान स्वतःच नट, स्वतःच निर्माता, स्वतःच कंपनी. नफा आला तर सगळा त्यांचा. तोटा आला तर तोही. फिती कुठे ठेवायच्या हाही त्यांचाच प्रश्न.

१९५३च्या 'झमेला'त गीता बाली आणि सी. रामचंद्र पुन्हा बरोबर होते. 'अलबेला'चे यश मात्र परतले नाही. १९५६च्या 'भागम भाग'मध्ये किशोरकुमार नायक होते. किशोरकुमार यांनाच घेऊन आरंभलेला 'हँसते रहना' पूर्ण झाला नाही, आणि १९६६चा 'लाबेला' पडला. मधल्या काळात जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओ गेला. उरलेली वर्षे 'झनक झनक पायल बाजे', 'चोरी चोरी' यांसारख्या चित्रपटांतल्या छोट्या कामांपासून पुढे कित्येक चित्रपटांतल्या क्षणभराच्या नाचापर्यंत पसरली. दिग्दर्शक बोलावत ते तेवढ्या एका लकबीसाठी. मुक्काम पुन्हा दादरच्या चाळीत.

या उतरणीची गोष्ट समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी फिरते. गाड्यांची संख्या सांगणाऱ्यागणिक बदलते, शेवटी उधळपट्टीचा धडा असतो. माणूस खर्चिक असेलही. पण पन्नाशीच्या दशकात केवळ उधळेच बुडाले असे नाही. तारेतारकांचे मोबदले वाढले, स्टुडिओला बांधलेले नट सुटे झाले, पैसा व्याजाने उचलून चित्रपट काढण्याची रीत रुळली. मोठमोठ्या संस्था या काळात बसल्या. प्रभातचे दरवाजे १९५३ साली बंद झाले, तिथे उधळपट्टीची गोष्ट कोणी सांगत नाही. एकट्याच्या हिमतीवर चाललेल्या कंपनीला दोन चित्रपट पडणे आणि तिसरा अर्धवट राहणे पुरेसे होते.

राहिला प्रश्न फितींचा. त्या काळची नायट्रेट फिल्म कमालीची ज्वालाग्राही असे आणि गोदामे साधी असत. चित्रपट चालून गेला की त्याची किंमत संपली, अशीच धंद्याची समजूत होती. जुन्या फितींतली चांदी काढून घेण्यासाठी त्या विकल्या जात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली. तोवर स्टंटपटांचे जे व्हायचे ते होऊन गेले होते.

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या घरी भगवानदादांचे निधन झाले. २०१६ साली त्यांच्या जीवनावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट आला. मंगेश देसाई यांनी भगवानदादा उभे केले, विद्या बालन यांनी गीता बाली. 'अलबेला'तली गाणी त्यात हावभावांसकट पुन्हा साकारली गेली, कारण मूळ गाणी समोर होती, हवी तितक्या वेळा पाहता येत होती. 'बहादुर किसान'मधला पंचविशीचा भगवान कसा धावत होता, कसा पडत होता, हे पाहून शिकायला मात्र एखादे पोस्टर, जाहिरात किंवा श्रेयनामावलीतले नाव एवढाच आधार.