स्वावलंबी ख्रिस्ती धर्मोपदेशक

चर्चकडून किंवा मिशनसंस्थेकडून वेतन न घेता, एखादा व्यवसाय करून स्वतःचा चरितार्थ चालविणारे ख्रिस्ती धर्मोपदेशक. या प्रथेचा आद्य आदर्श म्हणजे सेंट पॉल. ज्यू परंपरेत धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने हातचा एखादा धंदा शिकणे प्रशस्त मानीत. त्यास अनुसरून पॉलही तंबू तयार करण्याचा धंदा जाणत होता. करिंथ येथे समव्यवसायी अक्विला व प्रिस्किला या दांपत्याच्या घरी राहून तो हे काम करी, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथावरून दिसते. उपदेशकाला आपल्या अनुयायांकडून उपजीविका मिळविण्याचा हक्क आहे, हे त्याला मान्य होते. तथापि आपल्या हेतूविषयी कोणाच्या मनात किंतू राहू नये व कोणावर भार पडू नये, म्हणून त्याने तो हक्क बजावला नाही. हक्क आणि त्याचा स्वेच्छेने केलेला त्याग या दोन टोकांमध्येच या प्रश्नाचा पुढील इतिहास घडला आहे.

आरंभीच्या शतकांत अनेक धर्माधिकारी शेती वा कारागिरी करीत. चर्चला राजाश्रय व स्थावर संपत्ती लाभल्यावर हे चित्र पालटले. कॅल्सिडनच्या धर्मपरिषदेने (४५१) धर्माधिकाऱ्यांनी लाभासाठी ऐहिक व्यवहार पतकरण्यास मनाई केली. मठवासी संप्रदायांत मात्र श्रमाची प्रतिष्ठा टिकून राहिली; सेंट बेनिडिक्टच्या सहाव्या शतकातील नियमावलीत प्रार्थनेबरोबर अंगमेहनतीलाही स्थान आहे. आधुनिक काळात मोरेव्हियन पंथाने ही प्रथा धर्मप्रसाराशी जोडली. १७३२ मध्ये त्या पंथाने कॅरिबियन समुद्रातील सेंट टॉमस बेटावर पाठविलेल्या पहिल्या दोन प्रचारकांपैकी लेओनहार्ट डोबर हा कुंभार, तर डाव्हिट निचमान हा सुतार होता.

भारतात या प्रथेचे ठळक उदाहरण विल्यम कॅरी (१७६१–१८३४) याचे आहे. इंग्लंडमध्ये मोल्टन येथे धर्मोपदेशक असताना तुटपुंज्या उत्पन्नामुळे त्याला जोडे शिवून व शाळा चालवून संसार करावा लागे. १७९३ मध्ये तो बंगालमध्ये आला आणि पुढील वर्षी मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्याचा व्यवस्थापक झाला. आता आपणास साहाय्याची गरज नाही, असे त्याने बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीस कळविले. सोसायटीने मात्र ऐहिक व्यवसायात गुरफटून न जाण्याचा इशारा दिला. ईस्ट इंडिया कंपनीचा मिशनऱ्यांना विरोध असल्यामुळे नीळ-उत्पादक म्हणून लाभलेला राहण्याचा परवाना त्याला वेतनाइतकाच मोलाचा होता.

१८०० मध्ये कॅरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे डॅनिश अंमलाखालील श्रीरामपूर येथे एकत्र आले. खाजगी व्यापार कोणी करावयाचा नाही आणि प्रत्येकाची मिळकत सामाईक निधीत जमा करावयाची, असा त्यांचा नियम होता. मार्शमन दांपत्याच्या निवासी शाळा, वॉर्डचा छापखाना आणि फोर्ट विल्यम कॉलेजातील कॅरीचे वेतन (१८०१ मध्ये दरमहा ५०० रु.) हे या निधीचे प्रमुख आधार होते. कॉलेजात कॅरी बंगाली व संस्कृतबरोबर पुढे मराठीही शिकवू लागला. त्याचे इंग्रजीतून लिहिलेले मराठी व्याकरण (१८०५) आणि मराठी शब्द मोडी टंकात छापलेला मराठी-इंग्रजी कोश (१८१०) या अध्यापनाच्या गरजेतून निर्माण झाले. या कामी त्याला पंडित वैजनाथ यांचे साहाय्य लाभले. चरितार्थाचे साधन म्हणून पतकरलेल्या नोकरीतून मराठीच्या मुद्रणेतिहासातील हे महत्त्वाचे ग्रंथ सिद्ध झाले.

स्वावलंबनातून स्वातंत्र्य आले, तसा कलहही आला. स्वतःच्या कमाईतून उभारलेल्या मालमत्तेची व्यवस्था आपल्याच हाती असावी, असे श्रीरामपूरकरांचे म्हणणे होते. सोसायटीला ते मान्य नव्हते. १८२७ मध्ये दोघांचे संबंध तुटले. १८३० च्या सुमारास कलकत्त्यातील मोठ्या पेढ्या बुडाल्या व कॉलेजातील प्राध्यापकपदेही रद्द झाली, तेव्हा या व्यवस्थेचे मर्म उघडे पडले : तिचे उत्पन्न मोजक्या व्यक्तींच्या कर्तबगारीवर व बाजाराच्या स्थितीवर अवलंबून होते. १८३७ मध्ये मिशन पुन्हा सोसायटीत विलीन झाले.

विसाव्या शतकात रोलंड ॲलन (१८६८–१९४७) या अँग्लिकन लेखकाने, वेतनाची तरतूद होईपर्यंत मंडळ्यांना धर्मगुरूविना ठेवणे अयोग्य असल्याचे प्रतिपादून स्वेच्छासेवी धर्मगुरूंचा पुरस्कार केला. फ्रान्समध्ये कामगारवर्ग चर्चपासून दुरावल्याच्या जाणिवेतून दुसऱ्या महायुद्धकाळात ‘कामगार-धर्मगुरूं’ची चळवळ सुरू झाली. झाक लव्ह हे १९४१ पासून मार्सेच्या गोदीत काम करू लागले. हे धर्मगुरू कामगारसंघटनांतही सामील झाल्याने रोमने १९५४ मध्ये त्यांच्यावर कडक निर्बंध घातले. त्या वेळी त्यांची संख्या सु. १०० होती, त्यांपैकी अनेकांनी कारखाना सोडण्यास नकार दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस, १९६५ मध्ये, या कार्यास पुन्हा अनुमती मिळाली.

पॉलने श्रम केले ते कोणावर भार पडू नये म्हणून, कॅरीने कार्य चालावे म्हणून, तर फ्रेंच धर्मगुरूंनी श्रमिकांशी एकरूप व्हावे म्हणून. हेतू भिन्न असले, तरी उपदेशकाची भाकरी कोण देतो यावर त्याचे स्वातंत्र्य किती अवलंबून असते, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी समान आहे.