अब्रूचे पिस्तूल

विनोदी चित्रपट हा इतिहासाचे साधन होऊ शकतो काय, असे कोणी विचारले तर होय म्हणावे लागेल. मात्र बखरीची करतो तितकीच कसून त्याचीही पारख केली पाहिजे. १९६८ साली मारिओ मोनिचेल्ली या इटालियन दिग्दर्शकाने ‘पिस्तूलवाली मुलगी’ अशा अर्थाच्या नावाचा एक चित्रपट काढला. मोनिका व्हित्ती ही त्याची नायिका. सिसिलीतील एक तरुण आपल्या माणसांकरवी एका मुलीला पळवून आणवितो. माणसे चुकून भलत्याच मुलीला, असुंतेला, उचलून आणतात. एक रात्र तिला ठेवून घेऊन हा गृहस्थ विलायतेस पसार होतो. गेलेली अब्रू भरून काढण्यासाठी असुंता पिस्तूल घेऊन त्याच्या मागावर निघते.

प्रेक्षक हसतो तो येथेच. सूड हा पुरुषांचा मक्ता. तो बाईच्या हाती जाताच त्यातला सारा बडेजाव उघडा पडतो. परंतु ज्या गोष्टीला आपण हसलो, ती त्या दिवशी इटलीचा चालू कायदा होती. १९३० च्या दंडसंहितेतील ५८७ वे कलम असे की, जोडीदार, मुलगी किंवा बहीण हिचा अनैतिक संबंध आढळून आल्यावर संतापाच्या भरात तिला अथवा तिच्या सोबत्याला ठार मारणाऱ्यास तीन ते सात वर्षे शिक्षा व्हावी. मुलगी आणि बहीण यांची नावे कलमात आहेत. मुलगा आणि भाऊ यांची नाहीत. घराण्याची अब्रू कोणाच्या देहात ठेवली होती, हे याहून स्पष्ट कसे सांगावे? ५४४ वे कलम याचेच भावंड: बलात्कार करणाऱ्याने त्या स्त्रीशी लग्न केले की गुन्हाच संपुष्टात येई.

आता चित्रपटाच्या आधीची एक हकीकत ऐका. २६ डिसेंबर १९६५ रोजी सिसिलीतील आल्कामो गावी फ्रांका व्हिओला या सतरा वर्षांच्या मुलीला फिलिप्पो मेलोदिया याने साथीदारांसह पळविले. सुटका झाल्यावर गावरीतीप्रमाणे तिने त्याच्याशी लग्न लावावयाचे. तिने साफ नकार दिला. धमक्या आल्या, घरचा द्राक्षमळा जाळला गेला, तरी बाप मुलीच्या पाठीशी उभा राहिला. १९६६ साली मेलोदियाला अकरा वर्षांची शिक्षा झाली.

या हकीकतीशेजारी चित्रपट ठेवून पाहिला की त्याचे गुण आणि उणीव दोन्ही दिसतात. असुंता शेवटी गोळी झाडीत नाही. ती त्या पुरुषालाच मागे टाकून निघून जाते. सूडापेक्षा सूडाची गरज संपणे मोठे, हे त्याने हसतहसत सांगितले. परंतु ही मोकळीक तिला मिळते ती विलायतेत. जणू सिसिली म्हणजे अंधार आणि इंग्लंड म्हणजे उजेड! वास्तविक तो कायदा सिसिलीच्या खेड्यात जन्मलेला नव्हता. तो मुसोलिनीच्या राजवटीत, रोममध्ये झाला आणि मिलानच्या सुशिक्षितांनाही तोच लागू होता. उलट, त्याला पहिला जाहीर नकार मिळाला तो त्याच मागासलेल्या म्हणविलेल्या गावातून, एका शेतकऱ्याच्या मुलीकडून.

दोन्ही कलमे रद्द व्हावयास १९८१ साल उजाडले. आणि बलात्कार हा नीतिमत्तेविरुद्धचा नव्हे, तर व्यक्तीविरुद्धचा गुन्हा आहे, हे मान्य व्हावयास १९९६. हसू लवकर येते, कायदा मागाहून येतो. पण या दोहोंच्या आधी कोणाला तरी, हाती पिस्तूल नसताना, नाही म्हणावे लागते.