मद्रासच्या वाळूतून मुंबईच्या वर्गात

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गावी एक जुनी, नामांकित शाळा आहे. तिचे नाव मद्रास कॉलेज. १८३३ पासून ती त्याच नावाने चालू आहे. गोल्फसाठी जगभर गाजलेल्या त्या थंड, वाऱ्याच्या गावात मद्रास कुठून आले? वस्त्यावस्त्यांतून मुलांसाठी अभ्यासिका चालवणाऱ्या सेवाभावी क्लबांच्या एका पद्धतीचे मूळ शोधता शोधता मी या नावापाशी येऊन पोहोचलो. त्या नावाने सगळी वाटच बदलली.

ती पद्धत आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. संध्याकाळी समाजमंदिराच्या सभागृहात किंवा शाळेच्या रिकाम्या खोलीत सतरंज्या पडतात. जागा, दिवे, पाट्या-पुस्तके आणि खाऊ हे सारे क्लबाचे सभासद पाहतात. शिकवायला मात्र बसते आठवी-नववीतली एखादी ताई. पहिली-दुसरीची चार-पाच पोरे तिच्याभोवती गोल करून बसतात. ती बाराखडी गिरवून घेते, पाढे म्हणवून घेते, अडलेल्याच्या वहीत डोकावते. मुलांनी मुलांना शिकवायचे आणि मोठ्यांनी त्यासाठी वर्गणी, वेळ आणि छप्पर द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

क्लबांची वंशावळ सर्वज्ञात आहे. १९०५ मध्ये शिकागोत रोटरी, १९१५ मध्ये डेट्रॉईटला किवानिस, १९१७ मध्ये लायन्स. शाळकरी मुलांचे क्लब त्यांच्या पोटी आले: १९२५ मध्ये सॅक्रामेंटोच्या हायस्कुलात किवानिसचा की क्लब, १९६२ मध्ये फ्लोरिडात रोटरीचा इंटरॅक्ट. अभ्यासिकेतली ताई पुष्कळदा अशाच क्लबाची सभासद असते, म्हणून ही रीतही अमेरिकेतूनच आली असे सहज मानले जाते. माझे म्हणणे असे की, फलक अमेरिकेचा असला तरी फलकाखाली जे चालते त्याचे कूळ आपल्याच अंगणातले आहे. ते एकदा परदेशी गेले, तिथे नाव कमावले आणि परत आले तेव्हा आपण त्याला ओळखले नाही.

अँड्र्यू बेल हा सेंट अँड्र्यूजचाच. जन्म १७५३ चा. पाद्री म्हणून तो १७८७ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागातल्या अनाथ मुलग्यांच्या आश्रमशाळेची जबाबदारी त्याने घेतली. गोऱ्या शिपायांना स्थानिक स्त्रियांपासून झालेली ही मुले. शिक्षक थोडे, तेही कंटाळलेले. मुळाक्षरे शिकायलाच महिनोन्महिने जात. त्याच्या चरित्रात सांगितलेली हकीकत अशी: सकाळी घोड्यावरून रपेट करताना त्याला एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसलेली, पुढ्यात वाळू पसरलेली आणि बोटांनी तीत अक्षरे काढणे चाललेले. सापडले, सापडले, असे म्हणत त्याने घोडा माघारी वळवला.

आपल्याकडच्या वाचकाला यात नवल कसले? धूळपाटी ही पंतोजींच्या शाळेची पहिली पायरी होती. पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर उमटवायचे, पाटी हलवली की पुन्हा कोरी. कागद महाग, शाई महाग, चूक मात्र फुकट. मुलाला हव्या तितक्या चुका करू देणारे याहून स्वस्त साधन कुणी शोधले असेल असे मला वाटत नाही.

बेलने वर्गाच्या शिक्षकाला वाळूवर शिकवायला सांगितले. हे जमणार नाही, असे उत्तर आले. तेव्हा त्याने मुळाक्षरांचा वर्ग काढून जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हाती दिला. तो एका साध्या शिपायाचा मुलगा. शिक्षकाला जे अशक्य वाटले ते या पोराने करून दाखवले. मग बेलने सगळी शाळाच तशी रचली. प्रत्येक वर्गात जोड्या. पुढचा मुलगा मागच्याला शिकवणार. वर्ग वयावर न ठरता मुलाला काय येते त्यावर ठरणार. १७९६ मध्ये तो मायदेशी गेला आणि १७९७ मध्ये त्याने या प्रयोगाची पुस्तिका लंडनमध्ये छापली. तिकडे ही रीत मद्रास पद्धत म्हणून प्रसिद्ध झाली, आणि सेंट अँड्र्यूजच्या शाळेच्या नावातले मद्रास तिथूनच आले.

खरा वाद इथून सुरू होतो. वाळू त्या देशी शाळेतून घेतली हे बेल मोकळेपणी सांगतो. मुलांनी मुलांना शिकवणे हा मात्र तो आपला स्वतःचा शोध मानतो: शिक्षक अडून बसला, म्हणून मला ते सुचले. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या त्याच्या समाधिशिलेवरही मद्रास पद्धतीचा जनक असाच त्याचा मान आहे. फ्रेंचांचा दावा वेगळा. पॅरिसमध्ये शेव्हालिए पोले यांच्या शाळेत मुले मुलांना आधीपासून शिकवत होती, असे ते सांगतात. तिसरा दावेदार लंडनचा जोसेफ लँकेस्टर. या क्वेकर तरुणाने १७९८ मध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि मुलांनाच शिक्षक नेमले. वाळूची कल्पना बेलकडून घेतल्याचे त्याने मान्य केले. बाकीचे श्रेय स्वतःकडे ठेवले. पुढे बेलच्या मागे इंग्लंडचे अधिकृत चर्च उभे राहिले, लँकेस्टरच्या मागे इतर पंथांचे लोक, आणि जनक कोण यावर वर्षानुवर्षे पत्रके निघत राहिली.

या भांडणात साक्षीला कुणी बोलावले नाही असा एक साक्षीदार आहे. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले १६२३ मध्ये कर्नाटकातल्या इक्केरीच्या राज्यातून जात होता. एका देवळाच्या ओसरीत त्याने चार मुले हिशेब शिकताना पाहिली. एक जण धडा सुरात म्हणे, म्हणता म्हणता जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूत बोटाने लिही. बाकीचे तसेच म्हणत आणि तसेच लिहीत. जमीन भरली की पुसून नवी वाळू. जवळ गुरुजी नव्हते. त्याने विचारले, तुम्ही सगळेच विद्यार्थी, मग विसरलात तर दुरुस्त कोण करणार? मुलांनी सांगितले की एकच गोष्ट चौघेही एकाच वेळी विसरतील हे शक्य नाही.

एग्मोरच्या शाळेआधी १६६ वर्षे घडलेली ही गोष्ट आहे. वाळू आणि मुलांनी एकमेकांना शिकवणे, दोन्ही एकाच ओसरीत, एकाच वेळी हजर आहेत. पोलेचा दावा पॅरिसपुरता खरा असेल, पण पॅरिसमध्ये वाळू नव्हती. या दोन गोष्टी जोडीने फक्त इकडेच सापडतात. माझा ठाम कयास असा: बेलने घोड्यावरून पाहिलेल्या शाळेत मोठी मुले लहानांना शिकवत होतीच. त्याच्या नजरेत वाळू भरली, कारण ती नवी आणि दिसणारी गोष्ट होती. मुलाशेजारी बसलेला दुसरा मुलगा त्याला फक्त विद्यार्थी वाटला. पुढे अडचण आली तेव्हा नजरेखालून गेलेले ते चित्र आपली युक्ती होऊन वर आले.

बेल हयात असतानाच हे बोलणारे होते, आणि तेही कंपनी सरकारातले. बंगाल सरकारला लिहिलेल्या ३ जून १८१४ च्या खलित्यात कंपनीच्या संचालकांनीच म्हटले की, इथल्या गावगुरुजींच्या पूर्वापार पद्धतीचा सर्वांत मोठा गौरव डॉक्टर बेल यांनी ती इंग्लंडात नेली यातच आहे. बेल्लारीचा कलेक्टर कॅम्पबेल याने १८२३ च्या अहवालात पुढच्या मुलांकडून मागच्यांना शिकवण्याची देशी रीत वाखाणली आणि इंग्लंडने तिचे अनुकरण केले ते योग्यच केले, असा शेरा दिला. त्याने कारणही नेमके दिले आहे: शिकवणाऱ्याचे स्वतःचे ज्ञान त्याने पक्के होते. पुढे धरमपाल यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात हे जुने अहवाल छापून पुन्हा लोकांसमोर ठेवले.

इंग्लंडात या रीतीला जे नवे मिळाले ते म्हणजे मंडळ. वाळूचेच बघा. लँकेस्टरच्या शाळेत लहानांसाठी कडा उचललेले लांब मेज असे. त्याचा तळ काळा रंगवलेला, वर पांढऱ्या वाळूचा पातळ थर. बोट फिरले की काळे अक्षर उमटे. मग एक मुलगा सपाट फळी फिरवून सगळ्यांची वाळू एकदम सारखी करी. आपली धूळपाटी एका मुलाची होती, हिची रांगच्या रांग झाली. एका शिक्षकाच्या देखरेखीखाली शेकडो मुले शिकू लागली, तशी ही शाळा गावातल्या वर्गणीदारांच्या आवाक्यात आली. १८०८ मध्ये लँकेस्टरच्या समर्थकांची संस्था निघाली, १८११ मध्ये बेलच्या बाजूची नॅशनल सोसायटी. गावोगाव व्यापारी, डॉक्टर, पाद्री एकत्र येऊन समिती करत, वर्गणी जमवत, जागा पाहत आणि शाळा चालवत. आजच्या सेवाभावी क्लबाचा शिक्षणापुरता आराखडा इथे जवळजवळ पूर्ण दिसतो. शिकागोत रोटरी निघायला अजून सुमारे शंभर वर्षे होती.

या शाळांचे दोषही स्पष्ट होते. घोकंपट्टी फार, आणि लँकेस्टरच्या शिक्षा क्रूर. मानेला लाकडाचे ओंडके बांधत, पोराला टोपलीत घालून छताला टांगत. आपल्या पंतोजींची छडी आणि अंगठे धरून उभे करणे आठवले की आपल्यालाही मिरवण्यासारखे काही राहत नाही. १८४६ नंतर इंग्लंडात पगारी शिकाऊ शिक्षक नेमायची पद्धत आली आणि वाळूची मेजे अडगळीत गेली.

तोवर ही रीत विलायती माल म्हणून मुंबईच्या बंदरात उतरली होती. १८१५ मध्ये मुंबईत गरिबांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली, तीच बॉम्बे एज्युकेशन सोसायटी. तिथे बेलची पद्धत होती. १८२० मध्ये तिच्यातून देशी शाळा आणि पुस्तके यांसाठी वेगळी समिती झाली, १८२२ मध्ये ती स्वतंत्र मंडळी बनली आणि १८२७ मध्ये तिने बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी हे नाव घेतले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस होते, आणि बाळमित्र मराठीत आणणारे सदाशिव काशिनाथ छत्रे देशी चिटणीस. मराठी पुस्तके छापून आणि मास्तर तयार करून या मंडळीने लँकेस्टरची रीत आपल्या शाळांत आणली. ज्यांच्या घरी धूळपाटी होती त्यांनाच धूळपाटीच्या नातवाचा वापर इंग्रजी तक्त्यांवरून शिकवला गेला. वर्गातला मॉनिटर हा त्या प्रवासाचा आजही दिसणारा अवशेष. लँकेस्टरकडे मॉनिटर शिकवायचा. आपल्याकडे तो फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिण्यापुरता उरला.

परत आलेल्या या रीतीत एक मोलाची भर मात्र पडली, ती मंडळाची. आपल्या अभिमानाला इथे लगाम घालायला हवा. पंतोजींच्या शाळेत तंत्र उत्तम होते, पण त्या ओसरीवर अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना जागा नव्हती, मुलींना जवळपास नव्हतीच. ते दार उघडण्याचे काम मंडळांनी केले.

१८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापली. निबंध वाचायचे, चर्चा करायची, एवढाच आरंभीचा बेत. स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला गेला आणि सभासदांना वाटले, आता नुसते बोलून भागणार नाही. १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. स्वतः शिकणारे आणि नुकतेच शिकून झालेले तरुण पगार न घेता तिथे शिकवू लागले. त्यांत दादाभाई नौरोजी होते. जगन्नाथ शंकरशेट यांनी आपली जागा दिली. एक पायरी पुढचा मागच्याला शिकवतो आणि नागरिक त्याला छप्पर देतात, हे दोन्ही धागे इथे एकत्र आले. आपल्याकडच्या सेवाभावी क्लबाचा मूळ पुरुष दाखवा म्हटले, तर मी या तरुणांकडे बोट दाखवीन.

त्याच सुमारास पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा उघडली होती. १८५३ मध्ये महार-मांग इत्यादी लोकांस विद्या शिकवण्यासाठी त्यांनी मंडळी उभारली. त्या शाळांतली मुक्ता साळवे ही मातंग समाजातली शाळकरी मुलगी. १८५५ मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ज्ञानोदयात छापून आला. ज्या समाजाला धूळपाटीला हात लावू दिला नव्हता, त्यातली मुलगी अवघ्या महाराष्ट्राला धडा देऊ लागली.

म्हणून आजच्या क्लबांना या कुळकथेतून एक आग्रह करावासा वाटतो. दप्तरे वाटा, वह्या वाटा, वाचनालयांना कपाटे द्या. हे सारे हवेच. पण तुमच्या हातातले सर्वांत जुने आणि खात्रीचे साधन म्हणजे एक पायरी पुढे असलेले मूल. गट वयावर न करता येते-न येते यावर करा. तिसरीतला वाचू लागला की लगेच त्याच्यापुढे पहिलीतला बसवा, कारण कॅम्पबेलने लिहिले तसे त्याचे स्वतःचे वाचन त्यानेच पक्के होईल. आणि शिकवणाऱ्याच्या जागेवर दर वेळी हुशार, बोलक्या घरचीच मुले बसणार नाहीत याकडे लक्ष द्या. तंत्र आपल्याकडे फार पूर्वीपासून होते. त्यात कुणाला बसवायचे हे ठरवायला मंडळे निघाली, आणि तेच ठरवणे आजही त्यांचे पहिले काम आहे.