चिनो, खाकी, डेनिम, डंगरी : पँटच्या नावात कापड कुठलं, रंग कुठला?

ऑनलाइन पँट घ्यायला गेलं की ‘चिनो’, ‘खाकी’, ‘कार्गो’, ‘टेपर्ड’ असे शब्द एका ओळीत दिसतात. ही पँटच्या चार प्रकारांची नावं आहेत, असा समज होतो. खरं तर चिनो हे कापड आहे, खाकी हा रंग, कार्गो म्हणजे मांडीवरचे मोठे खिसे आणि टेपर्ड म्हणजे घोट्याकडे अरुंद होत जाणारा कट. एकाच पँटला हे चारही शब्द लागू होऊ शकतात. हे माहीत नसेल तर ऑफिसात ‘जीन्स चालणार नाही’ असा नियम असताना नेमकी डेनिमची पँट घरी येते.

डेनिम की चिनो?

डेनिम हे कापड आणि जीन्स ही त्याची पँट. डेनिम आणि चिनो दोन्ही सुती ट्विल, म्हणजे विणीत तिरप्या रेघा असलेली कापडं. फरक रंगवण्यात आहे. निळ्या डेनिममध्ये फक्त उभे धागे निळीत रंगवतात, आडवे पांढरेच राहतात. म्हणून जीन्सचा पाय दुमडला की आतली बाजू पांढरट दिसते. चिनो आतून-बाहेरून साधारण एकाच रंगाची असते. दुकानात ओळखायची ही सोपी खूण.

अमेरिकेत मात्र फिक्या रंगाच्या चिनोलाच सर्रास ‘खाकीज’ म्हणतात. गोंधळ तिथूनच वाढतो. मूळ शब्द फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ, माती. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या फौजेने मातीत मिसळून जाणारा हा रंग गणवेशासाठी घेतला. आपल्याकडे खाकी म्हटलं की आधी पोलीसच आठवतात.

मुंबईच्या डोंगरीचा शब्द

यात सगळ्यात जवळचा शब्द ‘डंगरी’. मुंबईच्या डोंगरी भागाशी नाव जोडलेलं जाडंभरडं, स्वस्त सुती कापड इंग्रजांनी सतराव्या शतकापासून ‘डंगरी’ म्हणून ओळखलं. त्यापासून खलाशांचे आणि कामगारांचे कपडे शिवले जात. पुढे कापडाचं नाव कपड्यालाच चिकटलं. आज छातीवर पट्टा असलेली डंगरी मॉलमध्ये चांगल्या किमतीला मिळते, पण तिच्या लेबलवर डोंगरीचा पत्ता नसतो!

जीन्सचं श्रेय लेव्ही स्ट्रॉस यांना दिलं जातं. पण त्यांना आणि शिंपी जेकब डेव्हिस यांना 1873 मध्ये मिळालेलं पेटंट पँटचं नव्हतं. खिशांचे कोपरे फाटू नयेत म्हणून तिथे धातूचे रिव्हेट ठोकण्याचं होतं.

खरेदी करताना

‘स्लिम’, ‘रेग्युलर’, ‘रिलॅक्स्ड’ हे शब्द मापाचे नाहीत, घेराचे आहेत, आणि त्यांची व्याख्या प्रत्येक कंपनीची वेगळी. ‘राइज’ म्हणजे दोन पायांच्या जोडापासून कमरेपर्यंतची उंची. लो-राइज पँट खाली बसल्यावर मागून सरकते ती यामुळेच. तेव्हा नावावर जाण्यापेक्षा तुम्हाला नीट बसणारी जुनी पँट टेपने मोजा आणि ते आकडे साइज चार्टशी ताडून पाहा.