वाघनखं, पट्टा आणि रघुजींची फिरंग

2025 च्या फेब्रुवारीत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं आपल्या अजब बंगल्यात आली, तेव्हा नातवाला घेऊन बघायला गेले होते. काचेपुढे उभी राहिले आणि खजील झाले. इतकी वर्षं इतिहासाच्या तासाला मी फळ्यावर वाघनखं काढली ती बोटांच्या बाहेर, वाघाच्या पंजासारखी! प्रत्यक्षात एका पट्टीला चार नखं आणि दोन टोकांना दोन कडी. कडी बोटांत घालायची, नखं तळहाताच्या आत. मूठ मिटली की समोरच्याला दिसतात फक्त दोन अंगठ्या. सगळी गोम त्या लपण्यात आहे.

नातू म्हणाला, "आजी, एवढंसंच? यानं लढाई कशी करायची?"

लढाई करायचीच नाही. तलवारवाला लांबून वार करणार, वाघनखवाल्याला मिठीत शिरावं लागतं. नखं फाडतात, खोल जात नाहीत. चिलखतावर तर काहीच उपयोग नाही. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी मिठीच होती, आणि सभासद बखर सांगते की खानाच्या अंगात नुसता झगा होता. तरी महाराजांच्या दुसऱ्या हातात बिचवा होताच. (ही वाघनखं नेमकी तीच, असा पुरावा नाही, हे ते म्युझियमच सांगतं. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून ती विलायतेत गेली. पेटीवरच्या मजकुरात खानाला मोगल सरदार केलंय, तिथे मी मार्क कापले असते!)

दांडपट्ट्याची तऱ्हा अगदी उलट. हाताला कोपरापर्यंत लोखंडी खोबळा आणि पुढे लांब, लवचिक, दुधारी पातं. खोबळ्यात मनगट अडकतं, ते तलवारीसारखं वळत नाही. फिरवायचं ते खांद्यातून, पायांच्या चालीवर. एकट्याला चौघांनी घेरलं तर फार कामाचं हत्यार. पण खांद्याला खांदा लावून उभे असाल तर पहिला शेजारीच जायचा! शिकायलाही कठीण. पट्टा चालवणारा तो पटाईत. 2024 मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला. आपण मात्र गप्पा मारणाऱ्यालाही पटाईत म्हणून मोकळे होतो. असो.

मग रोजच्या लढाईत काय? ते आपल्या नागपूरकर भोसल्यांकडे बघावं. पहिल्या रघुजींची तलवार राज्य शासनाने एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावात 47 लाख 15 हजारांना घेतली, ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. सरळ, एकधारी, युरोपात घडलेलं पातं, त्याला आपल्याकडची मूठ, आणि सोन्याच्या पाण्याने देवनागरीत त्यांचं नाव व सेनासाहेबसुभा हा किताब. अशा तलवारीला फिरंग म्हणत. घोड्यावरून पोचायला लांब पातं सोयीचं. वाघनखांपुढे दिसायला साधीच. पण बंगालपर्यंत स्वाऱ्या करणाऱ्या रघुजींना विलायती पात्याचं वावडं नव्हतं, त्यांनी त्यावर आपलं नाव घातलं.

आता हातात खडू नाही. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर वहीतली आकृती तेवढी दुरुस्त करून घ्या. नखं आतल्या बाजूला.